परतीची तार

तिच्या परवान्यावर ‘वायरमन’ असं छापलेलं आहे आणि ती बाई आहे, म्हणून सगळे तिला वायरमनबाई म्हणतात. परवाना घ्यायला गेली तेव्हा खिडकीमागचा कारकून फॉर्म उलटसुलट करून म्हणाला होता, "अहो, यजमानांना पाठवा ना."

"यजमानांना फ्यूज बदलता येत नाही. पाठवू?" ती म्हणाली. कारकुनाने मुकाट्याने शिक्का मारला.

हे तीस वर्षांपूर्वीचं. तिच्या वडिलांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. जळकी तार सोलून काढायची, नवीन तांब्याची तार मोजून गुंडाळायची. वेढे मोजताना कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक. ती आणि तिचा धाकटा भाऊ वडिलांच्या दोन बाजूंना बसून शिकले. भाऊ पंधराव्या वर्षीच दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका वाढला, तेव्हापासून तो सगळ्यांचा लंबू झाला. पुढे लंबू वीज कंपनीत लाइनमन म्हणून लागला, खांबांवर चढू लागला. ती घराघरांत जाऊन वायरिंग करू लागली. "बाहेरची लाइट माझी, आतली ताईची," असं तो म्हणायचा आणि मीटरपाशी बोटाने हवेत एक रेघ मारायचा.

चार वर्षांपूर्वी लंबू खांबावर मेला.

दुपारची वेळ होती, लाइन दुरुस्तीसाठी बंद केलेली होती. गल्लीच्या शेवटच्या कोपऱ्यावरच्या खांबावर एक जुना जोड ढिला झाला होता, तो नवा करायचा होता. जोडीदार खाली शिडी धरून उभा होता. त्याने सांगितलं, लंबूने फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा तपासल्या, नियमाप्रमाणे जमिनीला जोडल्या, मग न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा जोड सोडला. दोन टोकं दोन हातांत होती. तो काहीतरी बोलायला लागला आणि शब्द अर्ध्यात राहिला.

चौकशी झाली. दोन्हीकडून लाइन बंदच होती, हे सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. मग वीज आली कुठून? त्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं, आणि उत्तर नसलं की कागदावर काहीतरी लिहावंच लागतं. लिहिलं गेलं की हातमोजे नव्हते, पुरेशी खात्री न करता काम सुरू केलं, मयताचा निष्काळजीपणा. लंबू चहाचा कप उचलतानासुद्धा आधी बोट लावून बघणारा माणूस. भावजयीने तो कागद एकदा वाचला, कपाटात ठेवला आणि त्या विषयावर बोलणंच सोडलं. वायरमनबाईने त्या कोपऱ्यावरून जाणं सोडलं. तिकडे काम निघालं तर ती मागच्या रस्त्याने, अर्धा मैल वळसा घालून जायची.

म्हणून यंदा त्या गल्लीच्या शेवटच्या घरातून फोन आला तेव्हा ती नाहीच म्हणणार होती.

फोन घड्याळजींच्या बायकोचा होता. घड्याळजी म्हणजे बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे ते. डोळ्याला भिंग लावून वाकलेला माणूस, दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. बायकोला सगळे काकू म्हणत.

"नळवाला येऊन गेला," काकू फोनवर म्हणाल्या. "तो म्हणतो नळाला काही झालेलं नाही, वायरमनला बोलवा. तू येशील का गं?"

"नळाला काय होतंय पण?"

"आल्यावर सांगते," काकू म्हणाल्या.

ती मागच्या रस्त्याने गेली. घर नीटनेटकं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सात घड्याळं, सगळी एका वेळी टिकटिकणारी, त्यामुळे एकच मोठं घड्याळ चालल्यासारखं वाटायचं. ओट्याखालची फरशी ओली होती. काकू अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी नळ सोडला, त्याखाली हात धरला आणि वाट पाहिली. काही झालं नाही.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "लाइट गेली की येतात."

"कोण येतात?"

काकूंनी नळ बंद केला, पदराला हात पुसले. "हसणार नसशील तर सांगते. लाइट गेली, मागचं जनरेटर सुरू झालं, की मी नळाला हात लावते तेव्हा माझा हात कुणीतरी धरतं. असं इथे, मनगटापाशी. अगदी हलकं. यांची तशी सवय होती. बोलायचे नाहीत, नुसतं मनगट धरायचे. हे गेल्यानंतर महिन्याभरात सुरू झालं."

वायरमनबाई हसली नाही. तिने टेस्टर काढला, नळाला लावला, गीझर पाहिला, बोर्ड उघडून पाहिला. सगळं ठीक होतं.

"दुरुस्त कर असं मी म्हणत नाहीये," काकू घाईने म्हणाल्या. "हल्ली जरा जोरात धरतात, म्हणून विचारलं. तू एवढंच सांग, दुसरं काही असू शकतं का?"

"लाइट गेली की फोन करा. तोवर नळाला चपला घातल्याशिवाय हात लावू नका."

"चपला घातल्या की येत नाहीत," काकू म्हणाल्या.

हे ऐकल्यावर वायरमनबाईला कळलं की काहीतरी आहे, आणि ते तारांमधलं आहे. पण घरी जाताना ती सबंध रस्ताभर स्वतःचं मनगट चोळत होती.

पुढच्या गुरुवारी लाइन दुरुस्तीसाठी दहा ते दोन वीज बंद राहणार, अशी नोटीस लागली. ती साडेदहाला पोचली. बाहेर लख्ख ऊन होतं. सगळी गल्ली गप्प होती. पंखे बंद, रेडिओ बंद. फक्त त्या शेवटच्या घरामागे इंजिन घुमत होतं. जनरेटर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच, पत्र्याच्या आडोशाखाली होता. शेजारी भिंतीवर एक लाकडी पेटी, घड्याळाच्या पेटीसारखी पॉलिश केलेली. लाइट गेली की इंजिन आपोआप सुरू करून घर त्याच्यावर घ्यायचं, आली की परत लाइनवर सोडायचं, असा चेंजओव्हर घड्याळजींनी स्वतः बनवला होता.

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. "पुढे जाऊ नकोस हं. तिथे ती असतात."

"कोण?"

काकूंनी बोट दाखवलं. इंजिनापासून हातभर अंतरावर जमिनीत अर्थिंगची सळई ठोकलेली होती. तिच्याभोवती माती हलत होती. वाकून पाहिलं तर गांडुळं. शेकड्याने. ऊन असं भाजत असताना, जमीन वरून कोरडी असताना, ती एकमेकांवरून वळवळत वर येत होती आणि सळईपासून लांब जायची धडपड करत होती. कुंपणावर बसलेलं मांजर त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं, पण खाली उतरत नव्हतं.

"मशीन बंद केलं की परत आत जातात," काकू म्हणाल्या. "जी वाचतात ती."

गांडुळं मातीतून अशी का पळतात ते वायरमनबाईला माहीत होतं. माहीत असूनही तिचा पाय पुढे पडेना. मातीतून वीज जात होती. थोडीथोडकी नाही.

ती आत आली. पायातले रबरी बूट तसेच ठेवून तिने हाताची मागची बाजू नळाला टेकवली, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओल्या फरशीला लावलं. मनगटात झिणझिणलं. थरथरत्या बोटांनी कुणीतरी हात धरावा, तसंच. काकूंनी सांगितलं होतं त्यात एका अक्षराची खोट नव्हती. तिने हात झटकन मागे घेतला आणि क्षणभर तिला भिंतीवरच्या घड्याळांकडे बघवेना.

मग ती मीटरपाशी गेली. तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर तिच्याकडे होता. रस्त्यावरून येणारी फेजची तार तिने धरली. शून्य. बरोबर, लाइन बंद होती. शेजारची न्यूट्रलची तार धरली.

आकडा पाचावर जाऊन थांबला. पाच अँपिअर. लाइन मेलेली, गल्ली मेलेली, आणि या घरातून वीज बाहेर चालली होती. ज्या तारेला सगळे निर्धास्त हात लावतात, त्या तारेतून.

वीज जाते तशी परतही यावी लागते. फेजच्या तारेने ती घरात येते, दिव्यांतून, पंख्यांतून जाते आणि न्यूट्रलने माघारी फिरते. लाइनची वीज लाइनकडे जाते, जनरेटरची जनरेटरकडे. परतीची वाट तुटली तर ती गप्प बसत नाही. दुसरी वाट शोधते.

तिने इंजिन बंद केलं, पेटी उघडली. आतलं काम दागिन्यासारखं सुबक होतं. पण घड्याळजींनी फेजचीच तार अदलाबदलीसाठी घेतली होती. न्यूट्रलला त्यांनी हातच लावला नव्हता. रस्त्याची, घराची आणि जनरेटरची, तिन्ही परतीच्या तारा एका पट्टीवर कायमच्या जोडलेल्या. ती तार तशी निरुपद्रवी, तिला कशाला तोडायची, असा विचार केला असावा. बरेच जण तसाच करतात. जनरेटरकडे जाणारी न्यूट्रलची तार वरून धडधाकट दिसत होती. तिने ती वाकवली. बोटाला मऊ लागली. चाकूने सोललं तर इंजिनाच्या हादऱ्यांनी आतलं तांबं तुटलेलं, काळं पडलेलं. वरचं प्लास्टिक तेवढं अखंड होतं.

मग ही वीज परत जात कशी होती? रस्त्याच्या न्यूट्रलने बाहेर, खांबांवरून पार ट्रान्सफॉर्मरपर्यंत, तिथे जमिनीत उतरून मातीतून उलटी, स्वयंपाकघराच्या फरशीखालून सळईपर्यंत, आणि सळईतून जनरेटरमध्ये. म्हणून फरशी जिवंत. म्हणून गांडुळं. म्हणून काकूंचं मनगट.

तारेचा माग काढत तिची नजर मीटरवरून खिडकीबाहेर गेली, भिंतीवरून वर, आणि तिथून कोपऱ्यावरच्या खांबाकडे.

ती अंगणातून पळत सुटली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. वर कुणी नव्हतं. दुरुस्तीची माणसं पलीकडच्या रस्त्याला होती. तारेवर दोन पक्षी बसले होते. ती खांबालाच पाठ टेकून खाली बसली.

फेज तपासून, जमिनीला जोडून, लंबूने न्यूट्रलचा जोड सोडला होता. एक टोक या घराकडून आलेलं. एक टोक ट्रान्सफॉर्मरकडे गेलेलं. मध्ये लंबू.

ती परत आली. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"हा जनरेटर कधी घेतला होतात, काकू?"

"पाच वर्षं झाली असतील. पण चाललाय कुठे? पहिल्या वर्षी थोडा. मग यांनी बंदच करून ताडपत्री टाकली. मी इतकं म्हणायचे, उकाड्यात मरतोय आपण, सुरू करा. नाही म्हणजे नाही. हे गेल्यावर मीच मेकॅनिक बोलावून सुरू करून घेतला."

"बंद कधी केला? दिवस आठवतो?"

"आठवतो ना. कोपऱ्यावर तो लाइनमनचा मुलगा..." काकू थांबल्या. त्यांनी वायरमनबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुझा कोण तो?"

"माझा धाकटा भाऊ."

काकूंनी पेला खाली ठेवला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

"त्या दिवसाचं सांगा. जेवढं आठवतंय तेवढं."

"हे जेवायला घरी आलेले. लाइट नव्हती, जनरेटर चालू होता. आम्ही इथेच बसलो होतो, या दिव्याखाली. एकदम दिवा गेला. पंखाही गेला. मी म्हटलं, इंजिन तर चालूय. यांनी वर पाहिलं. तेवढ्यात दिवा परत लागला, पण लागला म्हणजे... काजव्याएवढा. लालसर, थरथरता. मोजून पाच-सहा सेकंद. मग गेला. आणि मग बाहेरून ओरडा ऐकू आला."

वायरमनबाईने डोळे मिटले. जोड सुटला तेव्हा परतीची वाट तुटली, दिवा गेला. मग दोन टोकं दोन हातांत आली आणि वाट पुन्हा जुळली. काजव्याएवढा दिवा लागेल इतकीच वीज माणसाच्या अंगातून जाते. तेवढी पुरते.

"हे ताटावरून तसेच उठले," काकू सांगत होत्या. "दारापर्यंत गेले, कोपऱ्याकडे पाहिलं, मागे जाऊन मशीन बंद केलं. आणि दिव्याखाली येऊन उभे राहिले, मान वर करून. संध्याकाळपर्यंत. मी हात धरून बसवलं. त्यानंतर तीन दिवस दुकान उघडलं नाही. मला वाटलं, तरुण मुलाचं मरण पाहिलं, मनाला लागलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्यांना कळलं होतं का गं?"

"कळलं होतं."

"आणि मला बोलले नाहीत."

"कुणालाच बोलले नाहीत."

भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती. काकू मनगटावरून बोट फिरवत म्हणाल्या, "म्हणजे माझा हात धरायचं ते... तेच? ज्याने त्याला..."

खोटं बोलावं असं वायरमनबाईच्या मनात येऊन गेलं. समोर सत्तरीची बाई, दोन वर्षं त्या झिणझिणीवर जगलेली. आणि स्वतःच्या छातीत असा संताप की ती पॉलिश केलेली पेटी उचलून दगडावर आपटावी.

"हो काकू, तेच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊन आली. पेटी काढून टाकली आणि दोन पोलचा चेंजओव्हर बसवला. घर जनरेटरवर जाताना फेजबरोबर न्यूट्रलही रस्त्यापासून सुटेल, दोन्ही एकदम, आणि वीज आल्यावर दोन्ही एकदम परत जातील, असा. काकू शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. प्रत्येक स्क्रू कशासाठी ते विचारत होत्या.

"हे आधीपासून असतं तर?"

"तर आतली तार तुटल्यावर तुमच्या घरात दिवे लागले नसते. एवढंच झालं असतं. काकांनी शिव्या घातल्या असत्या आणि तार बदलली असती."

"शिव्या नसते घालत ते," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घालायला हव्या होत्या."

तुटलेली तार वायरमनबाईने कागदात गुंडाळून वीज कंपनीच्या कार्यालयात नेली. तिथल्या साहेबांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. एवढ्या जुन्या फायली उघडत नसतात म्हणाले. मग काकू स्वतः गेल्या. साहेबांच्या टेबलासमोर बसून त्यांनी दिव्याची हकीकत पहिल्यापासून सांगितली, नवऱ्याचं नाव घेऊन, काही न वगळता. साहेब लिहून घेत होते, ते मध्येच थांबले आणि उठून त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. सात आठवड्यांनी फाइलला एक पान जोडलं गेलं. घराच्या जनरेटरमधून न्यूट्रलवाटे उलटी वीज आली, मयताची चूक आढळत नाही. शिवाय एक फर्मान निघालं की लाइन बंद असली तरी न्यूट्रलही तपासल्याशिवाय जोड सोडायचा नाही.

ते पान घेऊन वायरमनबाई भावजयीकडे गेली. भावजयीने उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"पाच-सहा सेकंद?" तिने विचारलं.

"काकू तसं म्हणतात."

"त्याला कळलं असेल का, ताई?"

"नसावं. एवढं पटकन नाही कळत." हे मात्र खरं की खोटं, वायरमनबाईला आजही ठाऊक नाही.

भावजयीने कपाट उघडलं, जुना कागद काढला, टराटरा फाडला आणि तुकडे मुठीत धरून उभी राहिली, कुठे टाकावेत ते न कळल्यासारखी. "त्या माणसाला मी माफ करणार नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं जिवंत होता. दोन वर्षं माझ्या घरावरून दुकानात जात होता. एकदा दार वाजवलं असतं तर? पण त्या काकूंना सांगा, त्यांच्यावर माझा राग नाही."

हा निरोप वायरमनबाईने आठवडाभर पोचवला नाही. कसा सांगावा ते सुचत नव्हतं. शेवटी एका सकाळी गेली. काकू दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. तिने निरोप जसाच्या तसा सांगितला, पहिला भागसुद्धा.

काकूंनी मान हलवली. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या, आणि पाटी थोडी सरकवून तिला बसायला जागा करून दिली.